पाचव्या चाकाचा घोळ

गेल्या वर्षी मार्चमध्ये बर्फ वितळला आणि मी नातीच्या खेळण्यांतला निळा खडू घेऊन आमच्या ड्राइव्हवेवर एक चौकोन आखायला बसलो. ३६ फूट लांब, ८ फूट रुंद. गॅरेजच्या दारापाशी सुरू केलेली रेघ फुटपाथ ओलांडून सरळ रस्त्यात गेली. ही चहाचा कप घेऊन बाहेर आली, थोडा वेळ नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "एवढी मोठी रांगोळी? लग्न कुणाचं आहे?"

"आपलं घर आहे," मी म्हटलं.

"आपलं घर मागे आहे. कर्ज फिटलंय त्याचं."

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मी डेट्रॉइटजवळ गाड्यांचे ब्रेक आणि ॲक्सल यांची ड्रॉइंग्ज करण्यात तीस-एक वर्षं काढली, ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती. इतकी वर्षं अमेरिकेत राहून आम्ही पाहिलं काय, तर ऑफिस, मुलांच्या शाळा, मंडळाचा गणपती आणि भारतातून पाहुणे आले की नायगारा. आता वर्षातले चार-पाच महिने फिरायचं, हिवाळ्यात ॲरिझोनाकडे आणि पानगळीत युटाकडे, घर बरोबर घेऊन, यावर आमचं एकमत होतं. भांडण पुढच्या पायरीवर होतं. घर मागून ओढत न्यायचं, की घरातच बसून घर चालवायचं?

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटरहोम म्हणजे इंजिन, स्टिअरिंग, पलंग, ओटा, संडास सगळं एकाच डब्यात. एसटीच्या बसमध्ये कुणीतरी संसार थाटावा तसं. फिफ्थ व्हील म्हणजे ट्रेलर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, पण तो गाडीच्या मागच्या बंपरला अडकवत नाहीत. त्याची पुढची मान उंच असते आणि ती पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर, म्हणजे जोडावर, येऊन टेकते. त्या मानेच्या वरच्या भागात झोपायची खोली. (आमच्या घरात हा 'हिच' शब्द फार घोळाचा ठरला. मी फोनवर मित्राला "हिचचं वजन दोनशे पौंड आहे" म्हणालो आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.)

हिला मोटरहोम हवं होतं. कारणं स्पष्ट होती: पावसात उतरावं लागत नाही, गाडी थांबवली की चार पावलांवर बाथरूम, आणि फिफ्थ व्हीलमध्ये झोपायच्या खोलीकडे जायला आतल्या आत दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. तिचा उजवा गुडघा पायऱ्यांच्या विरोधात आहे.

मला फिफ्थ व्हील हवं होतं. माझं खरं कारण मात्र मी बरेच दिवस सांगितलं नाही, कारण ते मलाच उशिरा कळलं.

माझं लहानपण कऱ्हाडजवळच्या एका गावात गेलं. आजोबांची बैलगाडी होती. कडब्याच्या पेंढ्या रचताना ते खालून सारखे ओरडायचे, "मागं नको, मागं नको, गाडी उलाळंल!" भार मागे गेला की गाडीचं तोंड वर उचलतं आणि जू बैलांच्या मानेवरून उठून गळ्याला काचतं. भार फार पुढे आला तर बैल दबतो. जुवावर थोडा भार हवाच, पण बेतानं. हे गणित त्यांनी कुठल्या शाळेत शिकलेलं नव्हतं. साठ वर्षांनी एका ट्रेलरच्या माहितीपुस्तकात मी वाचलं की बंपरला जोडायच्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन जोडावर पडलं पाहिजे, त्याहून कमी पडलं तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो. फिफ्थ व्हीलला हाच आकडा २० ते २५ टक्के. मी वाचता वाचता मोठ्यानं म्हणालो, "उलाळंल!" हिने चष्म्यावरून पाहिलं.

फिफ्थ व्हील शेपूट कमी हलवतं याचं कारण त्या जोडाच्या जागेत आहे. जोड ट्रकच्या मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे असतो. बंपरचा जोड आसाच्या तीन-चार फूट मागे, त्यामुळे ट्रेलरला बाजूनं वारा लागला की तो ट्रकचं ढुंगण लिव्हरसारखं ढकलतो. फिफ्थ व्हीलला तो लिव्हर मिळतच नाही. नावही तिथूनच आलं आहे. घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवं, गोल कडं असायचं, त्यामुळे पुढची चाकं वळवता यायची. चार उभी चाकं आणि हे पाचवं आडवं. मला असल्या गोष्टी सांगायला फार आवडतात. ऐकायला कुणाला आवडतात हा वेगळा प्रश्न.

जुलैत हिच्या बाजूचा प्रयोग आधी केला. ३१ फुटी मोटरहोम भाड्यानं घेतलं, फोर्डच्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं, ज्याला इथे क्लास सी म्हणतात. गंमत म्हणजे बहुतेक राज्यांत एवढं धूड साध्या कारच्या परवान्यावर चालवता येतं. आयुष्यभर टोयोटा चालवलेल्या माणसाच्या हातात किल्ली देताना त्या पोरानं मला फक्त पाण्याच्या टाकीचं झाकण कुठे आहे ते दाखवलं.

उत्तरेकडे निघालो. मिशिगनचे दोन तुकडे जोडणारा मॅकिनॉ पूल १९५७ साली सुरू झाला, लांबी ५ मैल. मधोमध रस्ता पाण्यापासून सुमारे २०० फूट उंच आहे, आणि आतली लेन लोखंडी जाळीची, तिच्यावरून चाकं गेली की भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज येतो. वारा जोरात असला की आमच्यासारख्या उंच गाड्यांना थांबवून, पुलाच्या गाडीच्या मागून, ताशी २० मैलांनी नेतात. त्या दिवशी वारा होता. आम्ही इंडिकेटर लुकलुकवत वरातीसारखे निघालो. बाजूनं वाऱ्याची थाप बसली की स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं व्हायचं आणि मागच्या कपाटात काचेच्या बरण्या एकमेकींशी बोलायच्या. हिने अथर्वशीर्ष सुरू केलं. पूल संपला तेव्हा तिसरं आवर्तन चाललं होतं.

मुनिसिंगजवळ सुपीरियर सरोवराच्या काठी तीन दिवस राहिलो. रंगीत कडे, थंड पाणी, रात्री दहापर्यंत उजेड. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संपलं.

मोटरहोममध्ये दूध संपणं म्हणजे काय हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. विजेची जाड तार काढा, गुंडाळा. पाण्याचा पाइप काढा. सांडपाण्याचा पाइप काढा, धुवा, ठेवा. जागा वाढवायला बाहेर सरकवलेली भिंत आत घ्या, त्याआधी तिच्यासमोरच्या खुर्च्या हलवा. ओट्यावरचं सगळं कपाटात. कपाटांच्या कड्या लावा. एवढं करून ४ मैलांवर दुकान, आणि तिथे ३१ फूट उभे करायला जागा नाही. परत येऊन सगळं उलट क्रमानं. हिने एका कपाटाची कडी लावली नव्हती, तुरीची डाळ घरभर झाली. पुढचे दोन दिवस आम्ही काळा चहा प्यायलो. म्हणून मोठ्या मोटरहोमचे मालक मागे एक छोटी गाडी बांधून ओढतात, तिला लाडानं 'टोड' म्हणतात, म्हणजे बेडूक. मी हिला म्हटलं, "बघ, शेवटी ओढावं लागतंच. तू घरात इंजिन घालून वर एक गाडी ओढणार, मी घर ओढणार."

फोडणीबद्दल इतकंच सांगतो की वर धुराचा अलार्म असतो, खाली जमिनीलगत गॅसचा अलार्म असतो, आणि मोहरी-हिंगाला दोघंही सारखेच घाबरतात. आता फोडणी बाहेर, पिकनिकच्या टेबलावर, वेगळ्या शेगडीवर. शेजारचे लोक वास कसला म्हणून चौकशी करत आले आणि पोहे खाऊन गेले.

आणि ब्लॅक टँक. संडासाची टाकी. तीन-चार दिवसांनी ती नेऊन रिकामी करावी लागते, हातमोजे घालून, पाइप जोडून, झडप ओढून. पाइपातून काय चाललंय ते दिसावं म्हणून मध्ये एक पारदर्शक तुकडा असतो. मी तो धरून उभा होतो तेव्हा मला आमच्या तालुक्याच्या गावातले टोपलीचे संडास आठवले. मागच्या बोळातून पहाटे येणारी बाई आठवली. तिचं नाव आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. तिच्या डोक्यावर टोपली असायची. माझ्या हातात रबरी मोजे होते, बाजूला गरम पाण्याचा नळ होता, आणि मी स्वतःच्याच घाणीसमोर नाक धरून उभा होतो. हिला हे सांगितलं नाही. हात मात्र फार वेळ धूत राहिलो.

जानेवारीत माझ्या बाजूचा प्रयोग. फिफ्थ व्हील भाड्यानं मिळणं अवघड, कारण ओढायला ट्रकही तसाच लागतो. पण आमच्या मंडळातलं एक जोडपं दर हिवाळ्यात आपलं फिफ्थ व्हील घेऊन ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला जातं. त्यांनी आठ दिवस राहायला बोलावलं.

क्वार्ट्झसाइट उन्हाळ्यात ओसाड असतं. हिवाळ्यात वाळवंटात नजर जाईल तिथवर पांढरे डबे. गावाबाहेरची केंद्र सरकारची जमीन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायला मोकळी असते, सगळ्या मोसमाचा एकच परवाना. ना वीज, ना नळ. छतावर सोलर पॅनल, पाणी टाकीतून जपून. संध्याकाळी शेकोट्या पेटतात आणि सत्तरीतले लोक खुर्च्या घेऊन एकमेकांकडे जातात. आपल्याकडे जत्रेत पालं पडतात तशी ही पालं, फक्त देव नाही. म्हणजे आहे म्हणा. गावच्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे, त्याच्यावर धातूचा उंट. अमेरिकन सैन्यानं वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर १८५६ साली हाजी अली नावाचा उंटवाला आला. इथल्या जिभेनं त्याचा 'हाय जॉली' केला. उंटांचा प्रयोग फसला, हा इथेच राहिला, १९०२ साली वारला. पूर्वेकडून नोकरीसाठी आलेला, नावाचा भुगा करून घेतलेला, परत न गेलेला माणूस. मी तिथे जरा जास्त वेळ उभा राहिलो.

मित्रानं मला आकडे शिकवले. त्याचा ट्रेलर पूर्ण भरून १४,००० पौंड, म्हणजे साधारण ६,३५० किलो. त्यातले २० टक्के धरले तरी २,८०० पौंड ट्रकच्या पाठीवर. त्यात हिच, दोन माणसं, हत्यारांची पेटी. ट्रकच्या दारात एक पिवळा कागद चिकटवलेला असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर छापलेलं. जाहिरातीत सांगतात ती ओढायची ताकद, तो कागद सांगतो पाठीची ताकद, आणि माणूस फसतो तो इथेच. पाऊण टनी म्हणून ओळखला जाणारा डिझेल ट्रक ओढेल भरपूर, पण जड इंजिनामुळे पाठीला कमी पडतो. म्हणजे एक टनी हवा. मग त्याचा हौदा लांब की आखूड? ग्लेशियर नॅशनल पार्कातल्या 'गोइंग टू द सन' रस्त्याच्या वरच्या भागात २१ फुटांहून लांब गाडीला बंदी आहे. ट्रेलर तर विसराच, पण लांब हौद्याचा चार दारी ट्रक एकटासुद्धा २१ फुटांच्या वर जातो. आखूड हौद्याचा घ्यावा तर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेत घुसू शकतो, म्हणून मागे सरकणारं हिच घ्या. मी तीन रात्री वहीत आकडेमोड केली. इतका आनंद मला निवृत्त झाल्यापासून झाला नव्हता.

मग त्यानं मला मागे घ्यायला बसवलं. मोकळं वाळवंट, पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या कॅन ठेवून मध्ये ट्रेलर घालायचा. युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, म्हणजे हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरचं बूड जातं. डोक्याला कळलं, हाताला कळलं नाही. फिफ्थ व्हील सावकाश वळायला लागतं, "अजून का वळत नाही" म्हणून तुम्ही जास्त फिरवता, आणि मग ते वळतं ते थांबतच नाही. पाचव्या प्रयत्नात एक कॅन चिरडली. वाळवंटात पाच गॅलन पाणी सांडणं हा तिथे जवळजवळ गुन्हा आहे. तीस वर्षं ब्रेकची ड्रॉइंग्ज केलेला माणूस खाली उतरला तेव्हा खुर्च्या टाकून बसलेल्या सहा जणांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मी गुपचूप पक्ष बदलला. माझं वय ६७. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. मला काही झालं तर ही ५० फुटांचं लांबड कसं हलवणार? मोटरहोम निदान एकच वस्तू आहे, बसायचं आणि चालवायचं. घरी परतल्यावर मी हे फार उदारपणे जाहीर केलं. "तुझंच खरं. मोटरहोम घेऊ."

ही भाजी निवडत होती. म्हणाली, "नको. फिफ्थ व्हील."

मी वाळवंटात कॅन चिरडत होतो तेव्हा ही शेजारच्या ट्रेलरमधल्या बाईंकडे बसायला जात होती. कॅनडातल्या सास्काचवानच्या, सत्तरीच्या पुढच्या. दोन वर्षांपूर्वी रात्री त्यांच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स त्यांना फीनिक्सला घेऊन गेली, सव्वाशे मैल. बाई ट्रक घेऊन मागोमाग गेल्या. ट्रक आधीच सुटा होता, रोजचा बाजारहाट त्यातूनच व्हायचा. तीन आठवडे त्या हॉस्पिटलजवळ राहिल्या. घर वाळवंटात तसंच उभं होतं, शेजाऱ्यांनी कुंड्यांना पाणी घातलं, फ्रिज रिकामा केला. मग त्या एकट्या ट्रकमधून घरी गेल्या आणि ट्रेलर एका भाडोत्री ड्रायव्हरनं पोचवला. यंदाही त्यांनी तो ड्रायव्हर करूनच आणवला. स्वतः मागून ट्रकनं आल्या.

"तुम्ही विचार करता की तुमच्यामागे मी ते चालवीन का," ही म्हणाली. "मला ते चालवायचंच नाहीये. मला ते टाकून तुमच्यामागे येता आलं पाहिजे."

"पण गुडघा? पायऱ्या?"

"पायऱ्या रोजच्या आहेत. रोजचं मी बघून घेईन."

मी मोटरहोमच्या बाजूनं थोडा लढलो, कारण नवीन पक्षात आल्यावर लढावं लागतं. बेडूक बांधू, म्हटलं. तर म्हणाली, इंजिन बिघडलं की घर गॅरेजात जातं आणि आपण मोटेलात. हे तिला कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण खरं आहे. शेवटी मी गप्प बसलो.

रात्री झोप लागेना तेव्हा आजोबांची गाडी डोळ्यांपुढे आली. संध्याकाळी शेतातून आलं की ते आधी बैल सोडायचे. गाडी अंगणात जुवाखाली टेकू देऊन उभी राहायची, आम्ही पोरं तिच्यात खेळायचो, कोंबड्या खाली बसायच्या. आजी आजारी पडली त्या रात्री आजोबांनी पुन्हा बैल जुंपले नाहीत. एकच बैल शेजाऱ्याच्या छकड्याला लावला आणि निघाले, छकडा हलका म्हणून. मोठी गाडी अंगणात तशीच राहिली. मला फिफ्थ व्हील का हवं होतं ते मला त्या रात्री कळलं, आणि हिला ते माझ्याआधी कळलं होतं. तिने तर बैलगाडी कधी हाकलीही नाही, ती दादरची.

ट्रकचे पैसे गेल्या आठवड्यात भरले. एक टनी, आखूड हौद्याचा, चार दारी, थोडा वापरलेला. ट्रेलर ठरायचा आहे. एल्कहार्ट इथून जेमतेम तीन तासांवर, देशातले बहुतेक असले डबे इंडियानाच्या त्या कोपऱ्यात बनतात, तिथे दोनदा जाऊन आलो. ३६ फुटांचा हट्ट मी सोडला. बऱ्याच नॅशनल पार्कांच्या कॅम्पग्राउंडमध्ये तो मावतच नाही. विक्रेत्यांना वाटतं आम्ही वेडे आहोत, कारण ही प्रत्येक ट्रेलरमध्ये शिरते, पलंगाकडे बघत नाही, पायऱ्यांची उंची टेपनं मोजते आणि मग ओट्यापाशी उभी राहून लाटण्याची ॲक्शन करून कोपर भिंतीला लागतं का ते पाहते.

काल यंदाचा पहिला कोरडा रविवार होता. मी मागच्या अंगणात पानं गोळा करत होतो, पुढे आलो तर खडू हिच्या हातात. आधी ट्रकचा चौकोन. मग दोन पावलं मोकळी जागा. मग ट्रेलरचा, २८ फूट. फुटपाथच्या अलीकडे संपला. आत ओटा, बाथरूम, माझी खुर्ची, आणि एका कोपऱ्यात छोटा चौकोन काढून 'देव' लिहिलं होतं. मी खुर्चीकडे निघालो.

"अहो, भिंतीतून काय येताय," ती म्हणाली. "दार तिकडे आहे."